हौद्याला अस्तर

पोलक्याला अस्तर कसं लावायचं हे आपल्यापैकी कुणालाही शिकवावं लागत नाही. पण टेम्पोच्या हौद्याला अस्तर म्हटलं, की तुम्ही पान उलटून लोणच्याकडे वळणार! थांबा जरा, मैत्रिणींनो. भाजीचा, दुधाचा, मंडपाच्या सामानाचा नाहीतर विटांचा छोटा टेम्पो ज्यांच्या दारात उभा असतो, अशी घरं आपल्या गावांतून काही थोडी नाहीत. आणि टेम्पोवर घर चालत असलं, की हौद्यातला गंज शेवटी कुणाच्या तांदळाच्या डब्यात उतरतो, हे घरातल्या बाईइतकं कुणालाच कळत नाही.

आमचं घर रत्नागिरीतलं. सकाळी मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारपासून घर. यांचा धंदा टेम्पोचा. २००५ साली बाजारात आला आणि सगळीकडे 'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाऊ लागला, तोच हा टेम्पो. आम्ही घेतला तो जुना. सुरुवातीची रक्कम भरायला माझ्या पाटल्या गेल्या, उरलेल्याचे हप्ते. मिरकरवाड्याच्या बंदरावरून बर्फातले मासे देवरुख-साखरप्याच्या बाजाराला न्यायचे, अधल्यामधल्या दिवसांत कुणाच्या बांधकामावर जांभ्याचे चिरे टाकायचे आणि चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या. एकच हौदा आणि तीन तऱ्हांचा माल.

हेच सगळं मूळ. चिरे ओढून उतरवताना पत्र्यावर ओरखडे उठतात. दुसऱ्या दिवशी त्याच ओरखड्यांत माशांच्या बर्फाचं खारट पाणी मुरतं. लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की गंज धरतोच. पण पाण्यात मीठ असलं की तो कितीतरी झपाट्याने धरतो. कारण गंजणं म्हणजे पत्र्यातल्या पत्र्यात चाललेला विजेचा बारीकसा खेळ असतो, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. त्यात आणखी एक गोम अशी, की गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो रंगाखाली फुगतो आणि शेजारचा चांगला रंगही उचलून टाकतो. तिथून पाणी पुढे सरकतं. वरून दिसतो तो टिकलीएवढा डाग. खाली पसरलेला असतो तळहाताएवढा.

मे २०२३ मध्ये एका व्यापाऱ्याने आमच्या टेम्पोतून गेलेल्या चाळीस पेट्या नाकारल्या. पेट्यांच्या तळाला गंजाचे तांबडे डाग आणि माशांचा वास. त्याचं काय चुकलं? हापूसची पेटी घेणारं गिऱ्हाईक आधी नाक लावतं. त्या फेरीचं भाडं बुडालंच, शिवाय त्या बागेच्या उरलेल्या सगळ्या फेऱ्या दुसऱ्याकडे गेल्या. त्या रात्री हे जेवले नाहीत. मी वहीत हप्त्याचा आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे काहीच लिहिता आलं नाही.

मग जे सगळे करतात तेच आम्हीही केलं. पावसाच्या तोंडावर एका रंगाऱ्याकडून हौदा रंगवून घेतला. त्याने झाडूने धूळ झटकली आणि गंजावरूनच काळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. दृष्ट लागेल असा दिसत होता हौदा! गणपती येईपर्यंत त्याचे पोपडे सुटले आणि दसऱ्याला मागच्या कोपऱ्यात पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं. मोठ्या शहरातल्या गॅरेजमध्ये यंत्राने जाड रबरी थर फवारून देतात म्हणून यांनी चौकशी केली, तर रक्कम आमच्या तीन हप्त्यांच्याही वर गेली. तेव्हा मी म्हटलं, "अहो, आपणच करू." यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विमान चालवायचं म्हणाले होते.

आधी इतर उपायांचा विचार झाला, तोही सांगते, कारण तुम्हालाही लोक हेच सुचवतील. नुसती रबरी चटई अंथरावी, तर तिच्याखाली पाणी अडून राहतं आणि गंजाला पांघरूणच मिळतं. ॲल्युमिनियमचा खवल्यांचा पत्रा ठोकावा, तर खाली लोखंड, वर ॲल्युमिनियम आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे दोन धातूंचं भांडण. त्यात ॲल्युमिनियम आधी खायला लागतं. कोरडा माल नेणाऱ्यांना तो पत्रा चालेल, मासेवाल्यांना नाही. गाडीखाली मारतात तो डांबरी लेप स्वस्त खरा, पण उन्हात मऊ पडतो, पेट्यांना चिकटतो आणि वास मारतो. उरला तो पत्र्यालाच चिकटून बसणारा, दोन डब्यांचा पॉलियुरेथेनचा रंग. दुकानदार त्याला 'पीयू' म्हणतात. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की कडक पण चिवट थर बनतो. त्यात जुन्या टायरांचे रबरी दाणे घातले की धक्का सोसणारं, माल घसरू न देणारं अस्तर झालं.

रंग किती लागेल, याचा हिशेब दुकानदारावर सोपवू नका. आपला हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद, कडा फूटभर उंच. तळ सव्वातेहतीस चौरस फूट, चार बाजू मिळून साडेतेवीस. एकूण सत्तावन्नच्या आसपास, म्हणजे सव्वापाच चौरस मीटर. आता हे लक्षात ठेवा: एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला की ओला थर एक मिलिमीटर जाडीचा होतो. एवढा जाड थर दोन हातांत हवा. तळाचा पत्रा पन्हाळीसारखा चढउतारांचा असतो, म्हणून थोडा जास्त धरायचा. मी सहा लिटर घेतला. रंग काळा नव्हे, राखाडी घेतला. काळा उन्हात तापतो आणि आपल्याला तर बर्फ आणि आंबा न्यायचा. किमती मी इथे देत नाही. गावोगावी फरक पडतो. पण सगळं सामान, वेल्डिंग आणि माझ्या एका चुकीचा भुर्दंड धरूनही खर्च गॅरेजच्या रकमेच्या निम्म्याहून कमी झाला.

काम जानेवारी २०२४ मध्ये काढलं, संक्रांत झाल्यावर. पावसाळ्यात हे काम होत नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात रंग हातात असतानाच घट्ट होतो.

पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. टेम्पोतलं माशांचं तेल काय असतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक! गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि काथ्या, असं तीनदा घासलं. मग कोपऱ्याकोपऱ्यातून गोड्या पाण्याने धुतलं, म्हणजे मीठ निघतं. तळाला पाणी जायची भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली होती. तारेने मोकळी केली. स्वच्छ झालं की नाही हे पाहायची युक्ती सोपी आहे. पत्र्यावर पाणी शिंपडा. पाणी सारखं पसरलं तर ठीक. तेलकट ताटावर जमतात तसे थेंब जमले, तर पुन्हा साबण. आमच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात चौथ्या खेपेपर्यंत थेंब जमत होते.

पुढचे दोन दिवस खरवडणं. पट्टीने पोपडे काढायचे, तारेच्या ब्रशने गंज, आणि जिथे खोल गेलाय तिथे ग्राइंडरला तारेची वाटी लावून. ग्राइंडर यांनी चालवला, पण ब्रशचं काम बहुतेक माझं. इथे एक कळकळीची सूचना. साडी नेसून या कामाजवळ जाऊ नका. पदर, वेणी, मंगळसूत्र, बांगड्या, काही म्हणता काही त्या फिरत्या चाकाजवळ नको. मी यांची जुनी पँट आणि शर्ट घातला, डोक्याला फडकं बांधलं. सासूबाई ओटीवरून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त आत जाऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला. डोळ्यांना बंद चष्मा हवाच; त्या वाटीच्या तारा तुटून टाचणीसारख्या उडतात.

खरवडल्यावर रुपयाएवढं भोक चक्क बशीएवढं झालं. हे बघून जीव खाली जातो, पण गंजलेला पातळ पत्रा असाच निघून जायला हवा. तिथे वेल्डरकडून ठिगळ लावून घेतलं. वेल्डिंग जे काय करायचं ते अस्तराच्या आधी. अस्तर लागल्यावर त्याच्याजवळ वेल्डिंगची ज्योत गेली तर फार विषारी धूर निघतो. वेल्डरला आधी बॅटरीच्या तारा सोडायला सांगा. डिझेलची टाकी कुठे आहे तेही दाखवा. त्याला ठाऊक असतं, तरी सांगा.

चकचकीत पत्रा निघाला की मग काचकागदाने सगळा हौदा खरखरीत करायचा, जुना टिकलेला रंगसुद्धा. गुळगुळीत पृष्ठभागाला नवा थर धरत नाही. बारीक खळग्यांत गंजाचे काळसर ठिपके राहतातच. त्यांच्यासाठी गंज बदलणारा द्राव मिळतो. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना, तसंच काहीसं हे. आवळ्यात, हिरड्यात जे तुरट द्रव्य असतं त्याच जातीचं द्रव्य अशा काही द्रावांत असतं. ते गंजाशी मिळून निळसर काळा, घट्ट थर करतं. काहींत फॉस्फरिक आम्ल असतं. पण सुट्टा, भुगा होणारा गंज मात्र या द्रावाने बसत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. आणि तुमच्या प्रायमरला हा द्राव खाली चालतो का, हे डब्यावर वाचून घ्या. सगळ्यांना चालत नाही.

चौथ्या दिवशी एपॉक्सी प्रायमरचा हात. आणि इथे माझी पहिली चूक. हे सगळं आम्ही अंगणात करत होतो. आमच्या थोरल्याला बाळदमा आहे. दारं-खिडक्या लावल्या होत्या, तो शाळेत होता, म्हणून मी निर्धास्त. पण तो साडेबाराला आला, अंगणातूनच धावत गेला आणि संध्याकाळी छातीत घरघर सुरू झाली. रात्री त्याला मांडीवर उशी ठेवून बसवलं होतं, त्याचा पंप दोनदा द्यावा लागला. सासूबाई म्हणाल्या, "टेम्पो राहिला तर राहिला." मला काही उत्तर नव्हतं. आणि हा तर नुसता प्रायमर. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं द्रव्य असतं. त्याच्या वाफेने चांगल्या माणसालाही दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्याशा वासानेही उसळतो.

दुसऱ्या दिवशी टेम्पो पावसकडे माझ्या दादाच्या बागेतल्या मांगराशी नेला. चहूबाजूंनी मोकळी हवा, आसपास घर नाही. तेव्हा तुम्हाला सांगते, घरात लहान मूल, दमेकरी किंवा पोटुशी बाई असेल तर हे काम घराजवळ करूच नका, आणि स्वतःला दिवस गेले असतील किंवा दमा असेल तर अजिबात हात लावू नका. तोंडाला ओढणी किंवा कापडी मास्क बांधून वाफ थांबत नाही; कार्बनच्या डब्यांचा, रंगकामाचा मास्क घ्यावा लागतो. हातात रबरी मोजे. आणि रंग रोलर-ब्रशनेच लावायचा. घरी पंपाने फवारायचा विचारसुद्धा मनात आणू नका. फवाऱ्यात हेच द्रव्य धुक्यासारखं छातीत जातं.

पावसला गेल्यावर रस्त्याची धूळ पुसली, बिजागऱ्या, दोरीच्या कड्या आणि फाळक्याचे खटके यांना मास्किंग टेप चिकटवली, पाण्याच्या भोकांत कापडाचे बोळे घातले. ही भोकं अस्तराने बुजली तर केलेलं सगळं वाया. बोळे थर ओला असतानाच काढायचे, वाळल्यावर निघत नाहीत. प्रायमरवर किती तासांच्या आत पुढचा हात द्यायचा हे डब्यावर छापलेलं असतं; ती वेळ टळली तर पुन्हा काचकागद फिरवायचा. पण प्रायमर तसाच उन्हात ठेवून भागत नाही. उन्हाने एपॉक्सीची पूड होत जाते.

सकाळी नऊ वाजता हे रोलर घेऊन तयार! मी थांबवलं. जानेवारीत पहाटे पत्र्यावर दव पडतं आणि हा हार्डनर पाण्याशी मिळाला की त्यातून वायू सुटतो, सोडा घातल्यासारखा थर फसफसून फोड येतात. पत्रा हाताला कोरडा आणि कोमट लागेपर्यंत, म्हणजे साडेदहापर्यंत वाट पाहिली.

आणि मग माझी दुसरी चूक. हिशेबाने मिसळायचा म्हणून मी दीड लिटरचं मिश्रण एकदमच बादलीत केलं. रंग आणि हार्डनर मिसळले की आतून ऊब निर्माण होते. जितका मोठा गोळा तितकी ऊब जास्त आणि जितकी ऊब तितकं लवकर घट्ट होणार. आम्ही पुढची बाजू लावून तळाकडे वळतो तोवर बादली बाहेरून गरम लागायला लागली आणि पाच मिनिटांत रोलर त्यात उभा राहिला! अर्ध्याहून जास्त रंग तसाच दगड झाला. तो रंग पुन्हा आणायला दोन दिवस गेले. तेव्हापासून अर्ध्या-अर्ध्या लिटरचंच मिश्रण आणि तेही बादलीत नाही, जुन्या पसरट परातीत. परातीत ऊब साठत नाही. प्रमाण डब्यावर दिलेलं तेच, मापाने. इथे अंदाजपंचे चालत नाही. दोन मिनिटं तळापासून, कडेपासून ढवळायचं. कडेला न मिसळलेला रंग राहिला तर तेवढा डाग कधीच वाळत नाही, चिकट राहतो.

दाण्यांचं सांगायचं राहिलंच. टायर रिमोल्डिंगवाल्याकडचा भुगा फुकट मिळतो, पण तो निघतो लांबट चिंध्यांसारखा. मी खेळाच्या मैदानांना वापरतात ते रबरी दाणे कोल्हापूरहून मागवले आणि चाळून लापशी रव्याएवढे ठेवले. पूड टाकून दिली. ते रंगात कालवण्यापेक्षा मला दुसरी रीत सोयीची वाटली. पहिला हात रोलरने जाड द्यायचा आणि ओला असतानाच वरून चाळणीने दाणे भुरभुरायचे, बर्फीवर खोबरं घालतो तसे. यात आपला हात कुठल्याही मिस्त्रीपेक्षा बरा चालतो, हे यांनीही कबूल केलं! उभ्या कडांना दाणे धरत नाहीत, तिथे नुसते दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी सुटे दाणे झाडून काढले आणि वरून दुसरा हात, म्हणजे दाणे पक्के बसतात. सुरुवात पुढच्या भिंतीपासून आणि शेवट फाळक्याशी. नाहीतर स्वतःच ओल्या तळाच्या पलीकडे अडकाल. टेप थर ओला असतानाच सोडवायची. दुपारी तीनच्या पुढे रंग लावायचा नाही, संध्याकाळचं दव पडायच्या आत त्याला साय धरायला हवी.

थिनरची फडकी बोळा करून ठेवू नयेत, पेट घेतात. मोकळ्यावर पसरून वाळवावीत. उरलेलं मिश्रण डब्यातच कडक होऊ द्यायचं. विहिरीच्या आसपास काहीही धुवायचं नाही. कातडीला रंग लागला तर थिनरने चोळू नका, ताबडतोब खोबरेल तेलाने पुसा, मग साबण. परात आणि चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका, हे सांगायला नकोच.

खरी कसोटी त्यानंतर लागली. थर दुसऱ्या दिवशी हाताला वाळलेला लागतो, पण आतून पुरता पक्का व्हायला डब्यावर सात दिवस लिहिलेले. चौथ्या दिवशी बंदरावरून फोन आला. माल भरपूर आला होता, भाडंही चांगलं. हे किल्ली घेऊन उठले. आधीच टेम्पो दहा दिवसांवर उभा, हप्त्याची तारीख तोंडावर. मी म्हटलं, "आज एक फेरी कराल आणि उद्या पुन्हा तेच पोपडे मोजाल." बरंच वाजलं आमचं. मुलं घाबरून आजीजवळ गेली. शेवटी त्यांनी मित्राचा टेम्पो निम्म्या भाड्यावर घेतला आणि फेरी मारली. त्या महिन्याचा हप्ता मी शिकवणीच्या पैशांतून पुरा केला. आमचा टेम्पो आठव्या दिवशी भरला, तोही आधी नुसत्या रिकाम्या क्रेट्सनी.

आता त्याला दोन पावसाळे झाले. चिऱ्यांनी अस्तराला दोन जागी जखमा केल्या आहेत, त्या ताबडतोब काचकागद फिरवून, प्रायमर आणि रंगाचं बोट लावून भरल्या. महिन्यातून एकदा मी विजेरी घेऊन कोपरे बघते. मासे उतरवले की त्याच रात्री गोड्या पाण्याने हौदा धुवायचा, हा नियम यांनी स्वतःहून पाळला आहे. मासे नेहमी क्रेटमध्येच. अस्तरावर उघडा खाण्याचा माल टाकायचा नाही. आंब्याच्या दिवसांत वर स्वच्छ ताडपत्री अंथरतो. ती जुनी बाग परत आली नाही, पण गेल्या वैशाखात दुसऱ्या एका बागेचं काम मिळालं. पेट्या उचलायच्या आधी त्या बागायतदाराने वाकून हौद्याचा वास घेतला होता, हे मी स्वतः पाहिलं.

डागडुजीसाठी थोडे दाणे काचेच्या बरणीत ठेवले आहेत. परवा सासूबाईंनी ती बरणी फोडणीच्या सामानाशेजारी नेऊन ठेवलेली दिसली. आता तिच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे.